यूसीने फ्रेशमन म्हणून नाकारलं? कम्युनिटी कॉलेजातून तिसऱ्या वर्षाला प्रवेश घेण्याची वाट

मार्च महिन्यात युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचे, म्हणजे यूसीचे, निकाल लागतात आणि फ्रीमाँट, कुपर्टिनो, सॅन होजेच्या अनेक मराठी घरांत जेवणाच्या टेबलावर कुणी बोलत नाही. चांगले मार्क, भरपूर एपी (शाळेतच केलेले कॉलेज पातळीचे कोर्स), तरीही बर्कलीचा नकार, लॉस एंजेलिसचा नकार. अशा मुलामुलींसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी हा लेख आहे.

कॅलिफोर्नियाने १९६० च्या उच्चशिक्षण मास्टर प्लॅनमध्येच दोन दरवाजे ठेवले आहेत: एक बारावीनंतरचा, दुसरा कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे स्थानिक सरकारी कॉलेजात, दोन वर्षं केल्यानंतरचा. दर दोन नव्या फ्रेशमनमागे (बारावीनंतर थेट पहिल्या वर्षाला आलेल्यांमागे) एक ट्रान्सफर विद्यार्थी घ्यायचा, हे यूसीचं ठरलेलं प्रमाण आहे, आणि ट्रान्सफरमध्ये पहिला मान राज्यातल्या कम्युनिटी कॉलेजांच्या मुलांना मिळतो. आपल्याकडे डिप्लोमा करून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, तशीच ही रीतसर वाट. शेवटी मिळणारी पदवी यूसीचीच असते, तिच्यावर कम्युनिटी कॉलेजचं नाव येत नाही.

मात्र या दरवाजाचे नियम पूर्णपणे वेगळे आहेत आणि ते वेळेत न कळल्यामुळे हुशार मुलंही अडकतात. फ्रेशमन म्हणून आलेला नकार ट्रान्सफरच्या वेळी विचारात घेतला जात नाही. एसएटी ही प्रवेशपरीक्षा बघत नाहीत. निर्णय होतो तो कॉलेजातल्या मार्कांवर आणि तुम्ही ज्या मेजरला (पदवीच्या मुख्य विषयाला) जाणार आहात त्याचे पूर्वतयारीचे कोर्स झाले आहेत का, यावर. म्हणून पुढचं सगळं नियोजन मेजरपासून सुरू होतं.

१. वेळेचं गणित आधी समजून घ्या

सगळे म्हणतात, दोन वर्षं आहेत. प्रत्यक्षात यूसीचा अर्ज दुसऱ्या वर्षाच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जातो. म्हणजे अर्ज भरताना तुमच्या हातात फक्त पहिल्या वर्षाचे मार्क असतात. पहिलं सत्र 'जरा रुळायला' म्हणून हलकं घेतलं किंवा त्यात दोन सी (मधली श्रेणी) आले, तर भरून काढायला जागा उरत नाही.

मोजणी अशी: ट्रान्सफरसाठी यूसी मान्य करेल अशी ६० सेमिस्टर युनिट किंवा ९० क्वार्टर युनिट लागतात (युनिट म्हणजे कोर्सचं क्रेडिट; वर्षात सेमिस्टर दोन असतात, क्वार्टर तीन). ती यूसीत दाखल होण्याआधीच्या स्प्रिंगपर्यंत (वर्षाच्या शेवटच्या सत्रापर्यंत) पूर्ण व्हायला हवीत. चार सेमिस्टरमध्ये प्रत्येकी १५, किंवा सहा क्वार्टरमध्ये प्रत्येकी १५. फुल-टाइम म्हणवून घ्यायला १२ युनिट पुरतात, पण १२ च्या गतीने दोन वर्षांत ४८ सेमिस्टर युनिटच होतात. उरलेली उन्हाळ्यात किंवा एपीच्या क्रेडिटमधून भरायची, हे आधीच ठरवा. एपीत ३ किंवा जास्त गुण असतील तर यूसी क्रेडिट देते. मात्र ते क्रेडिट तुमच्या मेजरच्या कोर्सऐवजी चालेल का, हे प्रत्येक कॅम्पस वेगळं ठरवतो.

वेटलिस्ट किंवा अपील चालू असेल तर ते चालू द्या, पण त्यासाठी कॉलेजची नोंदणी थांबवू नका. अपिलात नवी आणि वजनदार माहिती लागते. आधीचेच मार्क पुन्हा मांडून काही होत नाही.

२. कॉलेज निवडताना सेमिस्टर की क्वार्टर हे बघा

राज्यात ११६ कम्युनिटी कॉलेजं आहेत. कुपर्टिनोचं डी अँझा आणि लॉस आल्टोस हिल्सचं फूटहिल क्वार्टर पद्धतीवर चालतात. फ्रीमाँटचं ओलोनी, सांता क्लाराचं मिशन, प्लेझंट हिलचं डायब्लो व्हॅली ही सेमिस्टरवाली. क्वार्टरवाल्यांची फॉल (वर्षाचं पहिलं सत्र) सप्टेंबरच्या शेवटी सुरू होते, सेमिस्टरवाल्यांची ऑगस्टच्या शेवटी. मे-जूनमध्ये निर्णय झाला तरी दोन्हीकडे वेळ असतो.

क्वार्टर म्हणजे साधारण १२ आठवडे. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पहिली मिडटर्म येते. वेग झेपणारा असेल तर फायदा असा की, अर्ज भरण्याआधी तीन सत्रांचे मार्क दाखवता येतात. सेमिस्टरमध्ये दोनच.

एक चूक मात्र टाळाच: मालिकेतले कोर्स दोन पद्धतींत वाटून घेऊ नका. डी अँझात कॅल्क्युलस चार क्वार्टरचं आहे, १ए ते १डी. सेमिस्टरवाल्या कॉलेजांत तेच सहसा तीन कोर्समध्ये संपतं. १ए आणि १बी करून पुढचं दुसरीकडे घ्यायला गेलात, तर मधला काही भाग दोनदा येतो, काही सुटतो, आणि कॅम्पस ती मालिका पूर्ण धरेलच असं नाही. कॅल्क्युलस, फिजिक्स, केमिस्ट्री या तिन्ही मालिका जिथे सुरू केल्या तिथेच संपवा.

३. फी आणि रेसिडेन्सी

राज्यातल्या रहिवाशांना सेमिस्टर युनिटला ४६ डॉलर, डी अँझा-फूटहिलसारख्या क्वार्टर कॉलेजांत युनिटला ३१ डॉलर पडतात. वर्षाला ३० सेमिस्टर युनिट म्हणजे १,३८० डॉलर. यूसीची वर्षाची फी याच्या दहापटीच्या आसपास जाते. पहिल्यांदाच कॉलेजात जाणाऱ्या फुल-टाइम विद्यार्थ्यांना बऱ्याच कॉलेजांत कॅलिफोर्निया कॉलेज प्रॉमिसमधून दोन वर्षं हीही फी माफ होते. नाव नोंदवतानाच विचारा.

रेसिडेन्सीसाठी सत्र सुरू होण्याआधी किमान एक वर्ष आणि एक दिवस राज्यात वास्तव्य आणि इथेच राहण्याचा इरादा दाखवावा लागतो. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांच्या बाबतीत आईवडिलांची कागदपत्रंही मागतात. एच-४ वर (आईवडिलांच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर) असलेल्या मुलांना रेसिडेन्सी मिळू शकते, एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर मिळत नाही. आपल्या घरांत नेमकी इथे ठेच लागते. एच-४ वयाच्या एकविसाव्या वर्षी संपतो, आणि ट्रान्सफर होऊन यूसीत पोचेपर्यंत अनेक मुलं विशीत असतात. एच-४ वरून एफ-१ वर गेल्यास यूसीतली फी रहिवाशाची राहील की बाहेरच्याची, हा हजारो डॉलरचा प्रश्न आहे. मूल कम्युनिटी कॉलेजात पाऊल टाकेल तेव्हाच इमिग्रेशन वकिलाशी आणि यूसीच्या रेसिडेन्सी ऑफिसशी बोलून घ्या, एकविसाव्या वाढदिवसाच्या आदल्या महिन्यात नाही.

४. असिस्ट वाचायला शिका

असिस्ट डॉट ऑर्ग ही राज्याची अधिकृत वेबसाइट. कोणत्या कम्युनिटी कॉलेजचा कोणता कोर्स कोणत्या यूसी किंवा कॅल स्टेट (राज्याचं दुसरं सरकारी विद्यापीठ) कॅम्पसवर कशाच्या जागी चालतो, हे तिथे लिहिलेलं असतं. काउन्सेलर चांगले असतात, पण एकेका काउन्सेलरकडे शेकड्यांनी विद्यार्थी असतात. हे पान तुम्हाला स्वतः वाचता आलंच पाहिजे.

शैक्षणिक वर्ष निवडा, तुमचं कॉलेज निवडा, मग कॅम्पस, मग मेजर. दोन रकाने दिसतील. डावीकडे यूसीचा कोर्स, उजवीकडे तुमच्या कॉलेजचा. आता बारकाईने बघा:

- उजवीकडे दोन कोर्स आणि मध्ये 'अँड' असेल, तर दोन्ही मिळून यूसीचा एक कोर्स होतो. त्यातला एकच केला तर मेजरच्या दृष्टीने हातात काही येत नाही. क्वार्टर कॉलेजांत हे सर्रास दिसतं.
- मध्ये 'ऑर' असेल तर एकच पुरे. अशा वेळी तुमच्या बाकीच्या कॅम्पसनाही चालेल तो घ्या.
- 'नो कोर्स आर्टिक्युलेटेड' लिहिलं असेल, तर तुमच्या कॉलेजात त्याचा पर्याय नाही. तो कोर्स जवळच्या दुसऱ्या कम्युनिटी कॉलेजात मिळतो का ते बघा. दोन कॉलेजांत एकाच वेळी नाव घालायला पूर्ण मुभा आहे.
- पानाच्या वरचा मजकूर सोडून थेट तक्त्यावर उडी मारू नका. किमान जीपीए (४ पैकी श्रेणींची सरासरी), कोणते कोर्स सक्तीचे आणि कोणते फक्त 'शिफारस केलेले', हे तिथेच असतं. चुरशीच्या मेजरला शिफारस केलेलेही सक्तीचे समजून करा.

चार-पाच कॅम्पसची पानं उघडा आणि वहीत एक तक्ता आखा. आडव्या ओळीत कोर्स, उभ्या रकान्यांत कॅम्पस. ज्या कोर्ससमोर सगळ्या रकान्यांत खूण पडते, ते आधी. कॉम्प्युटर सायन्सला एका कॅम्पसवर फिजिक्सची अख्खी मालिका लागते आणि दुसऱ्यावर लागत नाही, हे तक्त्यातच कळतं. पानांच्या पीडीएफ तारीख घालून जपून ठेवा आणि दर उन्हाळ्यात पुन्हा तपासा.

२०२५ च्या फॉलपासून राज्यभर काही कोर्सचे क्रमांक सारखे झाले आहेत. पहिला इंग्रजी कोर्स आता 'इंग्लिश सी१०००', स्टॅटिस्टिक्स 'स्टॅट सी१०००'. जुन्या सल्ल्यांत जुने क्रमांक असतील, गोंधळून जाऊ नका.

५. कोर्सचा क्रम लावा

किमान पात्रतेसाठी यूसीला सात कोर्सचा नमुना लागतो: इंग्रजी लेखनाचे दोन, गणिताचा एक, आणि कला-मानव्य, सामाजिक शास्त्रं, विज्ञान यांपैकी किमान दोन गटांतून चार. प्रत्येकात सी किंवा वर. जीपीए किमान २.४, बाहेरच्या राज्यांतल्या आणि परदेशी विद्यार्थ्यांना २.८. हा फक्त उंबरठा आहे. बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन डिएगोच्या चुरशीच्या मेजरना यापेक्षा खूप वर असावं लागतं.

याशिवाय 'कॅल-जीईटीसी' नावाचा सर्वसाधारण शिक्षणाचा संच आहे. २०२५ च्या फॉलपासून सुरुवात करणाऱ्यांसाठी जुन्या 'आयजीईटीसी'च्या जागी तो आला आहे: ११ कोर्स, ३४ सेमिस्टर युनिट, त्यात भाषणकला आणि एथ्निक स्टडीजही. मानव्य आणि सामाजिक शास्त्रांच्या मेजरना तो पूर्ण केला की यूसीत गेल्यावर सुटसुटीत होतं. इंजिनिअरिंग आणि बऱ्याच विज्ञानाच्या मेजरना मात्र आधी मेजरची तयारी, मग वेळ उरला तर हा संच. सगळा संच पूर्ण केला पण फिजिक्स अर्धवट राहिलं, अशा मुलाला इंजिनिअरिंगचा कॅम्पस घेत नाही. आईवडिलांना कोर्सच्या यादीवर भराभर खुणा झालेल्या बघायला आवडतात आणि सोपे कोर्स आधी उरकले जातात. हा मोह आवरा.

मालिकांची साखळी अशी असते. डी अँझाचं इंजिनिअरिंगवाल्यांचं फिजिक्स चार क्वार्टरचं आहे, ४ए ते ४डी, आणि त्याआधी कॅल्क्युलस सुरू झालेलं लागतं. कुणी दुसऱ्या वर्षाच्या फॉलमध्ये ४ए घेतलं, तर फॉल, विंटर, स्प्रिंग मिळून ४सी पर्यंतच पोचतो. ४डी उन्हाळ्यात गेलं आणि यूसीला हवं होतं स्प्रिंगपर्यंत. म्हणून फिजिक्स पहिल्याच वर्षाच्या विंटर किंवा स्प्रिंगमध्ये सुरू करा. त्यासाठी कॅल्क्युलस पहिल्याच फॉलमध्ये.

पहिल्या फॉलमध्ये कॅल्क्युलसला बसायचं तर प्रीरिक्विझिट, म्हणजे त्याआधी लागणारी तयारी, आधी 'क्लिअर' व्हायला हवं. शाळेचं ट्रान्स्क्रिप्ट आणि एपीचे गुण जुलैतच कॉलेजला पाठवा. नव्या मुलांना नोंदणीची तारीख जुन्या मुलांच्या नंतर मिळते, वर्ग भरलेले असतात. वेटलिस्टवर नाव घाला, पहिल्या तासाला हजर राहा, प्राध्यापकांकडे अ‍ॅड कोड, म्हणजे वर्गात नाव घालायची परवानगी, मागा. पहिल्या आठवड्यात बरेच जण वर्ग सोडतात. जो समोर बसलेला असतो त्याला जागा मिळते.

६. मार्कांबद्दलचे चार नियम

मेजरचे कोर्स नेहमी अक्षरी श्रेणीतच घ्या. पास-नो पास यूसी एकूण १४ सेमिस्टर युनिटपर्यंतच धरते आणि मेजरच्या तयारीत ते बहुतेक ठिकाणी चालत नाही.

सी किंवा वरची श्रेणी मिळाल्यावर तोच कोर्स पुन्हा करून ती सुधारता येत नाही. सी पेक्षा कमी असेल तरच यूसी नवी श्रेणी धरते.

'डब्ल्यू' (मध्येच सोडलेल्या कोर्सची नोंद) जीपीएत मोजत नाहीत, पण अर्जात लिहावा लागतो. डब्ल्यू न लागता वर्ग सोडण्याची तारीख सत्राच्या सुरुवातीलाच असते. ती कॅलेंडरवर लिहून ठेवा.

हायस्कूलमध्ये असताना ड्युअल एनरोलमेंटने केलेला कॉलेजचा कोर्स यूसीच्या लेखी कॉलेजचाच कोर्स. दहावीत गंमत म्हणून घेतलेल्या कोर्सातला सी इथे पुन्हा समोर येतो. तो लपवला तर प्रवेश रद्द होऊ शकतो. हेच भारतात अर्धवट सोडलेल्या एफवायबीएस्सीलाही लागू: एक सत्र केलं असेल तरी नाव आणि मार्क द्यावेच लागतात.

७. टॅग: हातातली हमी

'ट्रान्सफर अ‍ॅडमिशन गॅरंटी', बोलीत टॅग. डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ हे सहा कॅम्पस ठरलेल्या अटी पूर्ण केल्यास लेखी हमी देतात. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो देत नाहीत. टॅग एकाच कॅम्पसला करता येतं, पण बाकीच्या कॅम्पसना साधा अर्ज खुला असतो. म्हणून टॅग भरण्यात तोटा काहीच नाही. पात्र असाल तर भराच.

टॅगचा अर्ज १ ते ३० सप्टेंबर, म्हणजे यूसीच्या मुख्य अर्जाआधी. तो यूसीच्या ट्रान्सफर अ‍ॅडमिशन प्लॅनरमधून जातो. त्या प्लॅनरचं खातं पहिल्याच सत्रात उघडून दर सत्राला मार्क भरत राहा. अर्व्हाइन आणि सँटा बार्बराची जीपीएची अट ३.४ आहे, काही मेजरना आणखी वर. सगळी मेजर टॅगमध्ये नसतात, सँटा बार्बराच्या इंजिनिअरिंग कॉलेजला तर टॅग लागूच नाही. दरवर्षी उन्हाळ्यात येणारा नवा टॅग तक्ता बघूनच कॅम्पस ठरवा, मागच्या वर्षी मावसभावाने काय केलं त्यावरून नाही.

टॅग ज्यांचं हातचं जातं, त्यांचं बहुतेक पुढच्याच पायरीवर जातं. टॅग भरल्यावर यूसीचा मुख्य अर्जही भरावा लागतो, त्याच कॅम्पसला आणि त्याच मेजरला. टॅग इकॉनॉमिक्सला आणि अर्जात हौसेने बिझनेस लिहिलं, की हमी संपली.

८. मुख्य अर्ज

अर्ज १ ऑक्टोबर ते ३० नोव्हेंबर या काळात जातो. शेवटची तारीख सुट्टीच्या दिवशी आली की एखादा दिवस वाढतो, त्याच्या भरवशावर राहू नका. अमेरिकन विद्यार्थ्यांना प्रत्येक कॅम्पसला ८० डॉलर, परदेशी अर्जदारांना ९५. उत्पन्न कमी असेल तर चार कॅम्पसपर्यंत फी माफ होते.

जवळ ठेवायची कागदपत्रं:

- प्रत्येक कॉलेजचं ट्रान्स्क्रिप्ट, ड्युअल एनरोलमेंटचंही
- एपी किंवा आयबीचे गुण
- भारतातल्या मार्कशीटच्या प्रती, गुण जसे छापले आहेत तसेच
- पुढच्या विंटर-स्प्रिंगमध्ये घ्यायच्या कोर्सची यादी
- व्हिसाचा तपशील आणि कॅलिफोर्नियात आल्याची तारीख
- आईवडिलांच्या उत्पन्नाचा आकडा

मार्क तुम्ही स्वतः भरायचे असतात, ट्रान्स्क्रिप्ट अर्जाबरोबर जात नाही. म्हणून आठवणीवर एकही कोर्स भरू नका. ट्रान्स्क्रिप्ट समोर ठेवून ओळीवर बोट ठेवत भरा आणि दुसऱ्या कुणाकडून पडताळून घ्या. शिफारसपत्रं लागत नाहीत.

लेखनाचे चार प्रश्न असतात, प्रत्येकी ३५० शब्दांची मर्यादा. एक सक्तीचा: मेजरसाठी तुम्ही काय तयारी केलीत. बाकी सातांतून तीन निवडायचे. सक्तीच्या प्रश्नात 'मला लहानपणापासून कॉम्प्युटर आवडतात' असं लिहून शब्द घालवू नका. कोणता कोर्स, त्यातलं कोणतं काम, ते कुठे अडलं, तुम्ही काय केलं, हे लिहा. फ्रेशमनच्या वेळचे निबंध वापरू नका. ते सतरा वर्षांच्या मुलाचे आहेत, वाचणाऱ्याला कॉलेजातला विद्यार्थी भेटायला हवा.

कॅल स्टेटचा अर्जही याच काळात खुला असतो. तोही भरा. ठरावीक विषयातली ट्रान्सफरची असोसिएट पदवी, म्हणजे एडीटी, पूर्ण केली तर कॅल स्टेटमध्ये जागेची हमी मिळते, मात्र ती एखाद्या विशिष्ट कॅम्पसची नसते.

९. अर्ज गेल्यानंतर

जानेवारीत 'ट्रान्सफर अ‍ॅकॅडमिक अपडेट' भरायचा असतो, ३१ जानेवारीपर्यंत. फॉलचे मार्क आणि स्प्रिंगच्या कोर्समधले बदल त्यात जातात. काहीच बदललं नसेल तरी भरा. ईमेल स्पॅममध्ये जातं आणि लोक हे विसरतात. काही मेजर जानेवारीत जादा फॉर्मही मागतात, त्यासाठी प्रत्येक कॅम्पसचं पोर्टल आठवड्याला एकदा उघडा. आर्थिक मदतीचा अर्ज २ मार्चच्या आत गेला पाहिजे.

निकाल एप्रिलअखेरपर्यंत येतात, होकार १ जूनपर्यंत कळवायचा. प्रवेश सशर्त असतो. अर्जात लिहिलेला स्प्रिंगचा एखादा कोर्स सोडावा लागला किंवा त्यात डी येतोय असं दिसलं, तर लगेच कॅम्पसला लिहून कळवा. आधी कळवलेल्याला बऱ्याचदा वाट काढून देतात. जुलैत ट्रान्स्क्रिप्टमधून कळलं तर प्रवेश काढून घेऊ शकतात. ट्रान्स्क्रिप्ट १ जुलैपर्यंत, प्रत्येक कॉलेजचं वेगळं.

यूसीकडून पुन्हा नकार आला आणि तिसरं वर्ष कम्युनिटी कॉलेजातच करायचं ठरलं, तर तेही शक्य आहे. कम्युनिटी कॉलेजची ७० सेमिस्टर किंवा १०५ क्वार्टर युनिटपर्यंतच यूसी मोजते. त्यापुढच्या कोर्सचा विषय म्हणून उपयोग होतो, फक्त युनिट वाढत नाहीत, आणि जास्त युनिट झाली म्हणून तुम्ही अपात्र ठरत नाही. त्या वर्षात मेजरची राहिलेली मालिका पूर्ण करा, पुढच्या सप्टेंबरला पात्र ठरत असाल तर टॅग भरा. चार वर्षांच्या दुसऱ्या विद्यापीठात नाव घालण्याआधी मात्र थांबा: तिकडे गेलात की टॅग जातं आणि कम्युनिटी कॉलेजवाल्यांचा अग्रक्रमही.